उजवी पाकळी

फणसखोल, डिचोली
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय शेवंता,
अनेक आशीर्वाद.

तू आईच्या सेवेला चंदगडला गेलीस त्याला महिना झाला. खुब्याचं हाड म्हणजे सहा महिने धरून चाल. तुझ्या गावात फोन लागत नाही, टेकडीवर चढून बोलावं लागतं आणि त्यातला निम्मा वेळ 'ऐकू येतंय का' विचारण्यात जातो, असं तुझा नवरा दादू सांगत होता. म्हणून हे पत्र. साक्षरता वर्गात तुझा हात धरून 'श' गिरवून घेतला तेव्हा मी म्हटलं होतं, एक दिवस मला पत्र लिहायचंस. वीस वर्षं वाट बघितली, आता उत्तर दिल्यावाचून सुटका नाही.

गणपतीची चवथ बरी झाली. मूर्तीवर टांगायच्या माटोळीला मात्र यंदा सगळं डिचोलीच्या बाजारातून आणावं लागलं. घागऱ्या, कांगल्या ही रानफळं कुठल्या झाडाखाली मिळतात ते आमच्या माणसांना ठाऊक नाही, घाटावरून आलेल्या तुला ठाऊक. बघ कशी गंमत आहे.

आता कामाचं. रवळनाथाच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला पन्नास वर्षं होतात, त्याची स्मरणिका निघणार. लिहिता येतं आणि रिकामा वेळही आहे अशी वाड्यावर मी एकटीच, म्हणून संपादन माझ्या गळ्यात. नुसत्या जाहिराती आणि शुभेच्छा छापायच्या नाहीत असं मी ठरवलं आहे. 'आमचा वाडा, आमची माणसं' असा विभाग करते. वस्तीतली गावकरांची घरं, कुंभारांची, पेडण्याहून येऊन दुकान घातलेले शेट, पाव घेऊन येणारा खानापूरचा महेश, पाळीच्या खाणीवर आलेली तुम्ही कोल्हापूरकडची माणसं. एवढ्याशा वाड्यात किती तऱ्हा आहेत ते आमच्याच मुलांना माहीत नाही. तुझ्या घराचं तूच लिही. जसं घडलं तसं लिही, मी फक्त काना-मात्रा बघेन.

तुझी,
कमलाक्षी बाई


जांभळेवाडी, ता. चंदगड
२९ सप्टेंबर २०२४

ती. बाईंना शेवंताचा नमस्कार.

तुमचं पत्र दुकानात येऊन पडलं होतं, तिथून पोरांनी आणून दिलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाई लई चांगली हाय गं तुझी." मी म्हटलं, हाय.

लेख वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलाय. चार पानं झाली, मलाच नवल वाटलं. पाळीला आलो तेव्हा साक्षी पोटात होती, तिथून सुरू केलंय. खाण बंद झाली, बरोबरची माणसं परत गेली, आम्ही तुमच्या वाड्यावर खोली घेतली. दादूनं गवंडीकाम धरलं. वाड्यावरच्या निम्म्या घरांचं प्लास्टर त्याच्या हातचं आहे. मी मासे खायला आठ दिवसांत शिकले, साफ करायला वर्ष लागलं. लोक घाटी म्हणतात ते पण लिहिलंय. रागानं नाही लिहिलं, झालं तसं लिहिलं.

पालखीचं पण त्यात आहे. पण ते तुम्हाला सरळच विचारते, बाई. भाड्याच्या खोलीत होतो तेव्हा पालखी आमच्याकडे टेकायचा प्रश्नच नव्हता. माझा नारळ मी तुमच्या तबकात ठेवायची. आता वळणावर आमचं स्वतःचं घर होऊन तीन वर्षं झाली. तिन्ही वर्षं जत्रेची पालखी आमच्या दारावरून गेली आणि पुढं तुमच्या अंगणात टेकली. नारळ अजून तुमच्याच तबकात. मला मोठं काही नको. दोन मिनिटं टेकावी, मी भोयांच्या पायावर पाणी घालीन, बाबली गुरव देवाला गाऱ्हाणं घालताना दादूचं नाव घेईल. बास.

साक्षीचं लग्नाचं बघतोय. पाहुणे येतात, विचारतात, तुम्ही गावातले काय? घर आमचं आहे म्हटलं तरी गप्प बसतात. इकडं माहेरी विचारलं तर म्हणतात, तुम्ही आता गोव्याची माणसं. पालखी टेकते एवढं सांगता आलं तर पुढं कोण विचारणार नाही. आणि देव काय आम्हाला परका नाही. चंदगडचा देव पण रवळनाथच. मी त्याच्याच देवळात खेळून मोठी झाले.

तुमची,
शेवंता


फणसखोल
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय शेवंता,
आशीर्वाद.

लेख वाचला. दोनदा वाचला. मासे साफ करण्याचा भाग वाचून मी एकटी हसत बसले होते. स्मरणिकेतला सगळ्यात चांगला लेख तुझा, आणि त्याचं श्रेय थोडं माझ्याकडे घेते, शिकवणाऱ्याचा तेवढा हक्क असतो.

थोडी कात्री लावली आहे. घाटी म्हणतात ते काढलं, पालखीचा परिच्छेदही काढला. स्मरणिका ही सणाची वस्तू. सणाच्या पानावर उणंदुणं काढू नये, आणि तो शब्द वापरणारे निम्मे लोक आता या जगात नाहीत. बाकी तुझं अक्षर न् अक्षर ठेवलं आहे. साक्षी येऊन तुमच्या घराचा फोटो देऊन गेली.

पालखीचा विषय मी दसऱ्याच्या बैठकीत काढला. माझा दीर बाबाजी कमिटीचा अध्यक्ष, तुला ठाऊकच आहे, त्याच्यापुढे काही काढायचं म्हणजे आधी तोंडात साखर ठेवावी लागते. पण यंदा बरा बोलला. "वहिनी, म्हाका कांय अडचण ना. पूण पालखेची वाट आमी थारावंक ना. देवाक विचारूंया." तेव्हा त्रिपुरी पौर्णिमा झाली की येणाऱ्या रविवारी प्रसाद, म्हणजे देवाचा कौल, घेणार. मला कमिटीने वही लिहायला बोलावलं आहे, म्हणजे मी तिथे असेनच.

एक गोष्ट मनात आली ती सांगून टाकते. वळणावरचं पहिलं घर तुझं. तिथे टेकली तर या आळीतली पहिली आरती तुझ्या दारात होईल. आजवर ती आमच्याकडे होते. सासूबाईंनी या मानापायी चुलत्यांशी सात वर्षं अबोला धरला होता. असो, जुन्या गोष्टी.

तुझी,
कमलाक्षी बाई


जांभळेवाडी
३० ऑक्टोबर २०२४

ती. बाईंना नमस्कार.

लेखातलं काढलंत ते काढलंत. तुम्हाला जास्त कळतं.

पहिल्या आरतीचं मनात ठेवू नका. भोयांना सांगा, आधी सरळ तुमच्याकडे जाऊ दे, मग परत फिरताना माझ्याकडे टेकू दे. मला दुसरी आरती चालेल. तिसरी पण चालेल. हे तुम्ही बैठकीत माझ्या नावानं सांगा.

आमच्या गावात पण कौल लावतात. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला दोन्हीकडं चिकटवतो, प्रश्न घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकदा पडली की उठायचं. माझा आजा म्हणायचा, देवाला परत विचारणं म्हणजे देवा तू खोटं बोललास असं तोंडावर म्हणणं. तेव्हा काय पडेल ते मी मानीन. डावी पडली तर तुमचं तबक आहेच.

दादूनं सुट्टीच्या दिवशी अंगणाला सिमेंट केलं, असं साक्षी सांगत होती. तांब्याचा नवा तांब्या पण आणलाय. मी म्हटलं, अरे, आधी देवाला तरी विचारू दे. त्याला दम नाही.

आई भिंतीला धरून चार पावलं चालते.

तुमची,
शेवंता


फणसखोल
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय शेवंता,
आशीर्वाद.

हे कसं लिहावं ते कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. डावी पडली.

परवा रविवारी सकाळी नऊला बसलो ते उठेपर्यंत बारा वाजून गेले. मला उपास होता. बाबलीने दुसऱ्यांदा पाकळ्या लावल्या तेव्हा तर भोवळच आली, सभामंडपातल्या खांबाला धरून बसले. वहीत नोंद मीच केली. देवाचं उत्तर लिहिणारीने आपलं मन मध्ये आणू नये.

तू शहाणी आहेस. देवाच्या मनात असेल तेव्हा होईल, आज नाही तर दहा वर्षांनी. घरापेक्षा माणूस मोठं, आणि वाड्यावर तुमच्याबद्दल वाईट बोलणारा एक माणूस मला दाखव. दादूला मी समजावलं. तो अंगणात उभ्या केलेल्या बांबूंच्या कमानीची दोरी सोडत होता. जत्रा पंधरा डिसेंबरला आहे. नारळ नेहमीप्रमाणे माझ्या तबकात ठेव, साक्षीच्या हाती पाठव.

स्मरणिका छापायला गेली. तुझा लेख मधल्या पानांत, रंगीत घेतला आहे.

तुझी,
कमलाक्षी बाई


जांभळेवाडी
१ डिसेंबर २०२४

ती. बाईंना नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा म्हटलं, देवाचं आहे, मानायचं. तिसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर अडकले.

बाबलीनं दुसऱ्यांदा पाकळ्या लावल्या असं तुम्ही लिहिलंय. दुसऱ्यांदा कशाला? कधी कधी पाकळी पडतच नाही, तशीच सुकते, मग परत लावतात. तसं झालं असेल तर तसं लिहा, मी गप्प बसते. तसं नसेल तर पहिली कुठली पडली होती ते लिहा. तुम्ही तिथं होता आणि वही तुमच्या हातात होती. मी दुसऱ्या कोणाला विचारत नाही.

यंदा नारळ तुमच्याकडं पाठवणार नाही. साक्षी आपल्याच दारात उभी राहील. देव टेकला नाही तरी चालेल, तोंडासमोरून तर जाईल.

शेवंता


फणसखोल
१८ डिसेंबर २०२४

प्रिय शेवंता,

तुझ्याशी खोटं बोलून मला झोप नाही, म्हणून लिहिते. पहिली पाकळी उजवी पडली होती. प्रश्न पुरता संपलाही नव्हता, तेवढ्यात पडली. बाबली माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, "उजवी पडली गो बाय." त्याला वाटलं मला आनंद होईल.

मग मंडपात कुजबुज सुरू झाली. बाबाजी म्हणाला, प्रश्न नीट मांडला नाही, 'वळणावरचं घर' म्हटलं, घर कोणाचं ते म्हटलं नाही. नव्याने प्रश्न घातला, "भायल्या लोकांच्या दारांत पालखी टेकची काय?" त्यावर दोन तास काही पडेना. मग डावी पडली. बाबाजी म्हणाला, खरा प्रश्न हा, वहीत हाच लिहायचा. मी तोच लिहिला, 'बाहेरच्या लोकांच्या दारात' असा. बाबाजीचा हट्ट तुला ठाऊक आहे. कमिटीत मी एकटी बाई, तीही नवरा नसलेली. मी काय करणार होते?

रविवारी जत्रा झाली. साक्षी हिरवी साडी नेसून दारात उभी होती, पुढे समई, हातात तो नवा तांब्या. पालखी जवळ आली तेव्हा ती दोन पावलं पुढे झाली. भोयांतला एक जण क्षणभर थबकला, मागच्याने त्याला ढकललं, आणि पालखी पुढे आली. माझ्या अंगणात टेकली. मी आरती केली, वात दोनदा विझली. मागे वळून बघितलं तर साक्षी तांब्यातलं पाणी तुळशीला घालत होती. रडत वगैरे नव्हती. संध्याकाळी येऊन मला प्रसादाचे लाडू देऊन गेली.

मला क्षमा कर असं म्हणत नाही. बाबाजीला देव बघून घेईल.

कमलाक्षी


जांभळेवाडी
४ जानेवारी २०२५

बाई,

दादू सध्या बाबाजींच्या कंपाउंडचं काम करतोय. तुमचं पत्र मी त्याला फोनवर वाचून दाखवलं, टेकडीवर उभं राहून. दुसऱ्या दिवशी त्यानं थापी खाली ठेवली आणि बाबाजींना विचारलं, उजवी पडली होती तर परत का विचारलंत? बाबाजी म्हणाले, "म्हाका कित्याक विचारता? हांव उठिल्लों. वहिनीनच सांगलें, परतून विचार म्हूण."

माझा विश्वास बसला नाही. तो माणूस खोटं बोलतोय म्हटलं. मग तुमची पत्रं काढून बसले. ऑक्टोबरच्या पत्रात पहिल्या आरतीचं आहे. सासूबाईंच्या अबोल्याचं आहे. त्यावर मी लिहिलं होतं, मला दुसरी चालेल, तिसरी चालेल, माझ्या नावानं सांगा. ते तुम्ही बैठकीत सांगितलंत काय? मला वाटतं नाही सांगितलं. सांगितलं असतं तर परत विचारायला कारणच उरत नव्हतं.

परत विचारा असं बाबाजी बोलले असते तर मला एवढं लागलं नसतं. ते समोरून घाटी म्हणतात, मला ते माहीत आहे. तुम्ही माझ्या लेखातून तो शब्द काढलात आणि देवापुढं 'भायली' म्हणून तोच ठेवलात. मला लिहायला वाचायला तुम्ही शिकवलंत, म्हणून ते मला वाचता आलं.

सव्वीस जानेवारीला सभा आहे आणि स्मरणिका निघणार आहे, साक्षीनं सांगितलं. मी एकच गोष्ट मागते. सभेत उभं राहून सांगा की पहिली पाकळी उजवी पडली होती. परत विचारा कोण म्हणालं ते सांगू नका. दादू सांगणार नाही, मी पण नाही. पालखी पुढच्या वर्षी टेकली नाही तरी चालेल. देवानं आम्हाला हो म्हटलं होतं एवढं लोकांना कळू दे.

साक्षी सभेला असेल. तिला यातलं काहीच माहीत नाही. देवानंच नको म्हटलं असं ती धरून बसली आहे, आणि परवा आलेल्या पाहुण्यांना तिनं स्वतःच तसं सांगितलं. तिला खरं काय ते तुमच्या तोंडून कळू दे.

शेवंता


फणसखोल
२८ जानेवारी २०२५

शेवंता,

बाबाजी खोटं बोलला नाही. मीच म्हटलं. तो उठला होता, पायताणं शोधत होता. मी म्हटलं, प्रश्नात घर कोणाचं ते आलं नाही, परत विचारलेलं बरं. मास्तरणीच्या आवाजात म्हटलं, तो आवाज मला कसा लावायचा ते ठाऊक आहे, त्यापुढे वाड्यावर कोणी वाद घालत नाही. 'भायल्या लोकांच्या' हा शब्द बाबाजीचा. पण वहीत तो शुद्ध मराठीत मी लिहिला.

का केलं ते सांगते. पाकळी पडली आणि मला आमचं अंगण दिसलं. त्या घरात मी चाळीस वर्षं सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि वर्षातून एक दिवस साऱ्या आळीच्या आधी देव माझ्यासमोर टेकायचा. तो एक दिवस मला सोडवला नाही. तुझं दुसऱ्या आरतीचं म्हणणं मी सांगितलं नाही, कारण पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणालं असतं की देवाने वळणावरून उलटं का फिरायचं. तुझ्यावर माझा जीव आहे हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, आणि त्याने तुला काही उपयोग नाही.

सभेचं सांगते. मी एक वाक्य कागदावर लिहून पर्समध्ये नेलं होतं. वेळेवर जीभ अडखळली तर वाचून दाखवता यावं म्हणून. मंडप भरला होता. सभेचे प्रमुख पाहुणे साखळीहून आले होते, कॉलेजात शिकवतात. त्यांनी स्मरणिका उघडली, तुझ्या घराचा फोटो वर धरून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, गावाने आपल्यातली विविधता कशी जपावी ते फणसखोलने दाखवलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबाजीनेही वाजवल्या. मग संपादक म्हणून माझा सत्कार पुकारला. शाल बाबाजीने घातली. नारळ दिला. आणि वाड्यातल्या सर्व समाजाच्या वतीने फुलं द्यायला त्यांनी साक्षीला वर बोलावलं.

ती आली, फुलं दिली, माझ्या पायांना हात लावला. म्हणाली, "बाई, आईचा लेख किती छान छापलात." तिला मी वर उठवलं तेव्हा ध्वनिक्षेपक माझ्यापुढे धरलेला होता. सगळे माझ्याकडे बघत होते, साक्षी माझ्या अगदी शेजारी उभी होती. बाबाजी मान खाली घालून चपलेचा पट्टा बघत होता. तो अडवणार नव्हता.

मी म्हटलं, "सगळ्यांचे मनापासून आभार." आणि खाली बसले.

स्मरणिकेची एक प्रत याच पाकिटात घालते. तुझा लेख सव्वीसाव्या पानावर आहे.

कमलाक्षी